ठिपके गेले आणि दुपटीने परत आले: आधी पाणी, मग परजीवी

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी काही चुकीचं समजलो असेन तर तुमच्या लगेच लक्षात येईल. साठ लिटरची टाकी, सुरू करून जेमतेम दोन महिने. आत दोन गोल्डफिश, सहा निऑन टेट्रा, तीन कोरीडोरस. नंतर चार मॉली आणून थेट टाकीत सोडल्या. आठवडाभरात माशांच्या अंगावर मिठाच्या कणांएवढे पांढरे ठिपके दिसले. निळं औषध तीन दिवस टाकलं, ठिपके गेले, तुम्ही थांबलात. पाच-सहा दिवसांनी ते दुपटीने आले. मग घाबरून सगळं पाणी उपसलं, खडी आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली खळखळून धुतला, नवं पाणी भरलं आणि औषध दुप्पट टाकलं. आता पाणी दुधाळ झालंय, मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करतायत, दोन निऑन गेले. आणि तुम्ही विचारताय, याहून जालीम औषध कोणतं?

जालीम औषध नको. तुमच्या टाकीत या घडीला दोन वेगळी संकटं आहेत. ठिपक्यांचं संकट दिवसांच्या हिशोबाने मारतं, पाण्याचं तासांच्या हिशोबाने. काल गेलेले दोन निऑन बहुधा पाण्यामुळे गेले. म्हणून आज ठिपक्यांकडे पूर्ण दुर्लक्ष करा आणि फक्त पाणी बघा.

झालं काय ते सांगतो. मासे कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया टाकतात. फिल्टरच्या स्पंजवर आणि खडीवर वाढलेले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. पहिली दोन्ही विषारी, तिसरं बरंच सौम्य. ही जिवाणूंची वसाहत बसायला चार ते सहा आठवडे लागतात. तुमची नुकती बसली होती. नळाच्या पाण्यात जंतू मारायलाच क्लोरीन घातलेलं असतं, त्याने स्पंजवरचे जिवाणूही मरतात. त्यात निळं औषध मेथिलीन ब्लू असेल तर तेही या जिवाणूंना मारक आहे, आणि तुम्ही ते दुप्पट टाकलंत. थोडक्यात, तुमचा फिल्टर पाणी फिरवतोय, पण शुद्ध करत नाहीये. पाण्याचा दुधाळपणा म्हणजे दुसऱ्याच, झपाट्याने वाढणाऱ्या जिवाणूंचा फुलोरा. ते स्वतः माशांना इजा करत नाहीत, पण पाण्यातला ऑक्सिजन ओढून घेतात. मासे वर येतात ते त्यामुळे, आणि अमोनियाने कल्ले भाजल्यासारखे होतात त्यामुळेही.

तेव्हा आत्ता करायचं ते असं. औषध थांबवा. फिल्टरमध्ये कोळशाची (ॲक्टिव्हेटेड कार्बनची) पिशवी घाला, ती उरलेलं औषध शोषून घेईल. एअर पंप रात्रंदिवस चालू ठेवा, एअर स्टोनमधून, म्हणजे पंपाच्या नळीला लावायच्या सच्छिद्र दगडातून, बारीक बुडबुडे येऊ द्या, आणि फिल्टरची धार अशी वळवा की पाण्याचा वरचा थर सतत हलत राहील. दोन दिवस खाणं बंद. निरोगी मासा आठवडाभर उपाशी राहू शकतो. आजारी माशाला तर खाण्यात रसच नसतो, आणि न खाल्लेला प्रत्येक दाणा कुजून अमोनिया होतो. मग साधारण चाळीस टक्के पाणी बदला. नवं पाणी क्लोरीन काढलेलं हवं आणि टाकीतल्या पाण्याच्या तापमानाचं हवं. हाताला दोन्ही सारखी लागली तर चालतं, पण थर्मामीटर असेल तर तोच वापरा.

क्लोरीनबद्दल एक खुलासा. बादलीत पाणी एक दिवस ठेवून हवा सोडली की क्लोरीन उडून जातं, हे खरं आहे. पण काही पाणीपुरवठ्यांत क्लोरामाइन वापरतात, आणि ते असं उडत नाही. आपल्याकडे काय आहे याची खात्री नसेल तर क्लोरीन काढणारं द्रावण वापरणं बरं. त्यातलं सोडियम थायोसल्फेट क्लोरामाइनही फोडतं, मात्र फोडल्यावर थोडा अमोनिया मोकळा होतो. तुमच्या टाकीत आज तोही जड जाईल, म्हणून अमोनिया बांधून ठेवणारं द्रावण मिळालं तर ते घ्या.

यानंतर टेस्ट किट. पट्ट्यांपेक्षा थेंबांचं किट अधिक भरवशाचं. अमोनिया, नायट्राइट आणि पीएच (पाणी किती आम्ल किंवा अल्क आहे ते) हे तीन आकडे मला हवेत, आणि ते एकत्रच हवेत, कारण अमोनियाचा आकडा एकटा अर्धीच गोष्ट सांगतो. पाण्यातल्या एकूण अमोनियापैकी खरा विषारी भाग पीएच आणि तापमानावर ठरतो. पंचवीस अंशांना पीएच ७ असेल तर विषारी भाग अर्ध्या टक्क्याच्या आसपास असतो, ८ असेल तर पाच टक्क्यांहून थोडा जास्त, आणि ९ असेल तर तिसऱ्या हिश्शाहून अधिक. किटवर तोच लिटरला १ मिलिग्रॅमचा आकडा एका टाकीत धोक्याची सूचना असतो आणि दुसऱ्या टाकीत मासे मारत असतो. 'माझ्याकडे अमोनिया होता तरी काहीच झालं नाही' असं कुणी सांगितलं तर त्याचा पीएच आधी विचारा.

नायट्राइट निघालं तर मीठ मदतीला येतं. नायट्राइट कल्ल्यांतून रक्तात शिरतं आणि रक्ताची ऑक्सिजन वाहून न्यायची ताकद काढून घेतं. रक्त तपकिरी पडतं, आणि पाण्यात भरपूर हवा असूनही मासा गुदमरतो. मिठातलं क्लोराइड कल्ल्यांतल्या त्याच वाटेने आत जातं, त्यामुळे नायट्राइटला जागाच उरत नाही. लिटरला एक ग्रॅम मीठ या कामाला पुरून उरतं. साधं मीठ चालतं. आयोडीनच्या भीतीने खास मीठ शोधत बसू नका.

आता परजीवी. हा व्हाइट स्पॉट, म्हणजे परजीवीमुळे होणारा पांढऱ्या ठिपक्यांचा आजारच आहे ना, हे आधी पक्कं करा. ठिपके सुटे, उठावदार आणि रव्याच्या कणाएवढे असतील, अंगावर आणि परांवर दोन्हीकडे असतील, आणि मासा खडीला अंग घासत असेल, तर बहुतेक तोच. अंगावर सोनेरी पिवळसर भुकटी भुरभुरल्यासारखी दिसत असेल, अंधारात बॅटरीचा तिरपा झोत टाकल्यावर ती चमकत असेल, तर तो व्हेल्व्हेट नावाचा दुसरा आजार. त्याचा जंतू वेगळा आणि त्याला उजेड लागतो, म्हणून त्यात टाकी झाकून ठेवतात. अंगातून पांढऱ्या दोऱ्यासारखं काही लोंबत असेल आणि मुळाशी लाल चट्टा असेल तर तो अँकर वर्म, त्याचे उपाय निराळे. आणि तुमच्याकडे गोल्डफिश आहेत म्हणून मुद्दाम सांगतो: विणीच्या काळात नर गोल्डफिशच्या कल्ल्यांच्या झाकणांवर आणि छातीच्या परांच्या पुढच्या कडेवर पांढरे बारीक दाणे ओळीने येतात. तो आजार नाही. त्या दाण्यांवर लोक आठवडेच्या आठवडे औषध ओततात. फक्त तिथेच दाणे असतील आणि मासा खेळत-खात असेल तर त्याला हात लावू नका. तुमच्या बाबतीत निऑन आणि मॉलीवरही ठिपके आहेत, शिवाय मॉली आल्यावरच ते आले, त्यामुळे मला फारशी शंका नाही.

या जंतूचं वर्णन फूके यांनी १८७६ साली केलं आणि त्याला इक्थिओफ्थिरियस मल्टिफिलिस असं नाव मिळालं. अर्थ असा की 'पुष्कळ पोरांची, माशावरची ऊ'. ही ऊ नाही, एकपेशीय जीव आहे, पण पुष्कळ पोरांची हे मात्र शब्दशः खरं. त्याचं आयुष्य समजलं की तुमचं औषध का फसलं ते आपोआप कळेल.

माशाच्या अंगावर दिसणारा ठिपका म्हणजे कातडीच्या पातळ पापुद्र्याखाली बसून माशाच्या पेशी खाणारा जंतू. तिथे तो कवचात असल्यासारखा सुरक्षित असतो. पाण्यात टाकलेलं नेहमीचं औषध त्याच्यापर्यंत पोचत नाही. पिकला की तो कातडी फोडून बाहेर पडतो, तळाशी जाऊन खडीला, काचेला, झाडाच्या पानाला चिकटतो, भोवती चिकट आवरण करतो आणि विभागत जातो. एकाचे शेकडो होतात, कधी हजारापर्यंत. मग आवरण फुटून ही पिल्लं पोहत सुटतात. त्यांना एक-दोन दिवसांत मासा सापडला नाही तर ती मरतात. औषध, मीठ, उष्णता, सगळ्यांचा वार मुख्यतः या पोहणाऱ्या पिल्लांवरच बसतो.

आता तुमचे तीन दिवस आठवा. ठिपके औषधाने गेले नव्हते. ते पिकून गळून पडले होते, आणि औषध टाकलं नसतं तरी त्याच सुमारास पडले असते. खाली पडून ते विभागले. त्यांची पिल्लं बाहेर पडून माशांवर बसेपर्यंत तुम्ही औषध थांबवलं होतं. कातडीखाली शिरलेलं पिल्लू नजरेला दिसण्याइतकं मोठं व्हायला आणखी काही दिवस लागतात. पाच-सहा दिवसांनी जे दुपटीने दिसलं ते हेच. ठिपके दिसेनासे होतात तो औषधाचा सगळ्यात महत्त्वाचा दिवस असतो, आणि नेमक्या त्याच दिवशी जवळपास प्रत्येक जण औषध थांबवतो.

मीही थांबवलं होतं. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत पाच क्लाउन लोच होते. चौथ्या दिवशी अंग स्वच्छ दिसलं म्हणून मी औषध बंद केलं आणि कोळसाही घातला. दोन आठवड्यांत पाचही गेले. लोचला खवले अगदी बारीक असतात, या आजारात तोच आधी सापडतो. तेव्हापासून मी वहीत तारीख लिहितो: शेवटचा ठिपका कधी दिसला. औषधाचे दिवस मी त्या तारखेपासून मोजतो, पहिल्या डोसापासून नाही.

हे चक्र किती दिवसांत फिरतं ते तापमानावर अवलंबून आहे. पंचवीस अंशांच्या आसपास आठवड्याच्या आत, दहा अंशांना महिन्याहून अधिक. म्हणूनच 'किती दिवस औषध द्यायचं' याला एक उत्तर नाही. साधारण २८ अंशांना मी शेवटच्या ठिपक्यानंतर पूर्ण एक आठवडा चालू ठेवतो, २० अंशांना तीन आठवडे. पाणी गरम करण्याचा हेतू जंतूला भाजून मारणं हा नसतो, त्याला लवकर उघड्यावर आणणं हा असतो. ३० अंशांना त्याच्या बऱ्याच जातकुळींची वाढ खुंटते, हे जास्तीचं. उष्णतेला दाद न देणाऱ्या जातकुळीही आहेत, म्हणून केवळ हीटरवर मी विसंबत नाही.

गरम पाण्याची दुसरी बाजूही आहे. पंचवीस अंशांना पाण्यात लिटरला सव्वाआठ मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन मावतो, तीस अंशांना साडेसात. शिवाय उष्णतेने माशाची ऑक्सिजनची गरज वाढते आणि अमोनियाचा विषारी भागही वाढतो. त्यामुळे आज, दुधाळ पाण्यात, हीटर वाढवायचा नाही. मासे खाली उतरून शांत श्वास घेऊ लागले, अमोनिया जवळपास शून्यावर आला, की मग दिवसाला दोन अंश या वेगाने वाढवायचं.

तुमच्या टाकीसाठी मी पुढे काय करेन ते सांगतो, आणि इथे थोडं स्पष्ट बोलावं लागेल. साठ लिटरमध्ये दोन गोल्डफिश ही मूळ अडचण आहे. गोल्डफिश भरपूर खातो, भरपूर घाण करतो, वाढतो, आणि त्याला थंडसर पाणी मानवतं. निऑनला तसं नाही. तुम्हाला हे मासे एकत्र ठेवायला कुणी तरी सांगितलं असणार, त्यात तुमचा दोष नाही. पण बंद पडलेल्या फिल्टरवर हा भार पेलणार नाही. एखादा मोठा टब असेल तर गोल्डफिश त्यात हलवा. टबात खडी नको, झाडं नकोत, फक्त एअर स्टोन. लिटरला तीन ग्रॅम मीठ, पण एकदम नाही, दोन दिवसांत तीन हप्त्यांत, विरघळवून. रोज निम्म्याहून अधिक पाणी तळ पुसून काढायचं आणि तेवढंच खारं, क्लोरीन काढलेलं पाणी भरायचं. तळाला चिकटलेले जंतू विभागण्याआधीच रोज बाहेर जातात, त्यामुळे उघड्या टबातला उपचार टाकीतल्यापेक्षा खात्रीचा असतो. गोल्डफिश इतकं मीठ आरामात सोसतात.

मूळ टाकीत निऑन, कोरीडोरस आणि मॉली राहतील. मॉलीला मीठ आवडतं, कोरीडोरसला नाही, झाडांनाही नाही. इथे मी लिटरला एक ग्रॅमवर थांबेन. मोजताना टाकीवर लिहिलेले साठ लिटर धरू नका. खडी, दगड आणि वर सोडलेली जागा वजा करता पाणी पन्नास लिटरच्या आसपास असेल, म्हणजे पन्नास ग्रॅम मीठ. औषधाचंही असंच. मीठ वाफेबरोबर उडत नाही. वाफ होऊन कमी झालेलं पाणी साध्या पाण्याने भरायचं, मीठ फक्त काढून टाकलेल्या पाण्यापुरतं पुन्हा घालायचं. हा हिशोब चुकला की पंधरा दिवसांत टाकी खारट होते.

तापमान हळूहळू २९-३० पर्यंत न्या. निऑनला ते आवडत नाही, पण हवा भरपूर असेल तर दोन आठवडे ते निभावतात, असा माझा अनुभव आहे. मासे वर जाऊ लागले तर २८ वर थांबा. एवढ्याने चार-पाच दिवसांत नवे ठिपके कमी झाले नाहीत तर मॅलाकाइट ग्रीन आणि फॉर्मॅलिन असलेलं व्हाइट स्पॉटचं औषध वापरा, पण टेट्रा आणि कोरीडोरससाठी बाटलीवरच्या मात्रेच्या निम्मं. कोळसा आधी काढायचा, नाहीतर तोच सगळं औषध पिऊन टाकतो. फॉर्मॅलिनही ऑक्सिजन कमी करतं, म्हणून हवा चालूच हवी. हातमोजे घाला, मॅलाकाइट ग्रीन माणसालाही चांगलं नाही. टाकीत कोळंबी किंवा गोगलगाय असेल तर ती आधी दुसरीकडे ठेवा. तांब्याचं औषध तुम्हाला सुचवणार नाही. ते प्रभावी आहे, पण पुरेशी मात्रा आणि घातक मात्रा यांत अंतर थोडं आहे. रोज तांबं मोजण्याची सोय नसेल तर त्याच्या वाटेला जाऊ नये.

या सगळ्यापेक्षा लोक ज्याला कमी लेखतात ते म्हणजे तळ ओढणं. रोज सायफनने खडीतून पाच-सहा लिटर पाणी ओढून काढा. प्रत्येक वेळी न फुटलेली आवरणं बाहेर जातात, म्हणजे प्रत्येक आवरणामागे शेकडो पिल्लं. त्यातून अमोनियाही कमी होतो. तुमच्या दोन्ही संकटांवर एकच उपाय लागू पडतो तो हा, आणि त्याचे दुष्परिणाम जवळपास नाहीत.

फिल्टर मात्र पहिल्यापासून बसवावा लागेल. स्पंज आता महिनाभर धुवायचा नाही. प्रवाह अगदीच तुंबला तर टाकीतून काढलेल्या पाण्यात दोनदा हलकेच पिळा, नळाखाली कधीच नाही. कुणाची जुनी, निरोगी टाकी असेल आणि त्यात गेल्या काही महिन्यांत आजार नसेल, तर त्यांच्या फिल्टरमधला स्पंजचा तुकडा आणा. तो ओलाच आणायचा आणि लगेच तुमच्या फिल्टरमध्ये ठेवायचा. त्याने आठवडे वाचतात. अमोनिया उतरल्यावर नायट्राइट चढेल, साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात. तेव्हा दचकून पुन्हा सगळी टाकी धुवू नका. पंचवीस टक्के पाणी बदला, मीठ आहेच, खाणं दिवसाआड आणि दोन मिनिटांत संपेल इतकंच.

एक अपवाद सांगतो, कारण हे वाचून दुसरं कुणी आपल्या टाकीला लावेल. अनेक महिने पाणी न बदललेल्या जुन्या टाकीत पीएच बराच घसरलेला असतो आणि साचलेला अमोनिया निरुपद्रवी रूपात पडून असतो. तिथे एकदम चाळीस टक्के नवं पाणी घातलं तर पीएच उसळतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. तिथे रोज दहा टक्क्यांनी सुरुवात करायची. तुमचं पाणी कालच भरलेलं आहे, तुम्हाला हा धोका नाही.

टब आणि टाकी यांची जाळी, सायफन, बादली वेगळी ठेवा. ओल्या जाळीतून हा जंतू सहज प्रवास करतो. जाळी पूर्ण कोरडी झाली की मात्र तो मरतो. आणि पुढचा नवा मासा येईल तो चार आठवडे वेगळ्या भांड्यात राहील, पिशवीतलं पाणी टाकीत पडणार नाही. मॉलींना हे मिळालं असतं तर बाकीच्यांना काहीच झालं नसतं.

आज रात्री दिवा बंद करण्याआधी मासे किती वर आहेत ते बघून ठेवा, आणि पहाटे दिवा लावण्याआधी पुन्हा बघा. रात्रभरात ऑक्सिजन सगळ्यात कमी होतो तो त्या वेळी. तेव्हाही ते वरच असतील तर लगेच आणखी तीस टक्के पाणी बदला आणि दुसरा एअर स्टोन लावा. खाली उतरलेले असतील तर तिन्ही आकडे मोजून मला कळवा. हीटर कधीपासून वाढवायचा ते आपण त्यावरून ठरवू.